क्लबच्या इतिहासातली सगळ्यात महत्त्वाची माणसं कशी शोधायची: आधी वजाबाकी करा

कुठल्याही फुटबॉल क्लबच्या फॅनला झोपेतून उठवून विचारा की तुझ्या क्लबची आजवरची सगळ्यात महत्त्वाची दहा माणसं कोण, तो धडाधड दहा नावं सांगेल आणि त्यातली सात-आठ गोल मारणारी असतील, मग एखादा कॅप्टन आणि शेवटी एक मॅनेजर. मी पण मँचेस्टर युनायटेडची पहिली लिस्ट केली ती अशीच, बेस्ट, लॉ, चार्ल्टन, कँटोना, रूनी, गिग्ज, सगळे आवडते आणि सगळे खरंच मोठे. मग १९५८ च्या फेब्रुवारी महिन्याबद्दल नीट वाचलं आणि कळलं की त्या महिन्यात ज्या माणसाने क्लब कोलमडू दिला नाही त्याचं नाव माझ्या लिस्टमध्ये कुठेच नाही. फार लागलं ते मला. तेव्हापासून लिस्ट करायची पद्धतच बदलली, नंतर बऱ्याच क्लबांवर ती वापरून बघितली, तीच इथे लिहितोय. तुमचा क्लब चॅम्पियन्स लीगवाला असो की चौथ्या डिव्हिजनमधला, पद्धत तीच चालते.

सगळ्यात आधी एक गोष्ट मनात पक्की करा, मोठा खेळाडू वेगळा आणि क्लबसाठी महत्त्वाचा माणूस वेगळा. कधीकधी एकाच माणसात दोन्ही असतं पण दर वेळी नाही. हे तपासायला मी वजाबाकी करतो. एक नाव घ्यायचं, क्लबच्या इतिहासातून ते पूर्ण पुसून टाकायचं आणि बघायचं की मागे काय उरतं. दोन-चार ट्रॉफ्या कमी होतात? जर्सीचा रंग बदलतो? मैदान दुसरीकडेच जातं? की क्लबच उरत नाही?

एव्हर्टनचा डिक्सी डीन घ्या. १९२७-२८ च्या सीझनला त्याने लीगच्या ३९ मॅचमध्ये ६० गोल केले, इंग्लंडच्या टॉप डिव्हिजनमध्ये एका सीझनचा तो रेकॉर्ड आजही कुणाला मोडता आलेला नाही. आता डीनला पुसून बघा. त्या वर्षीचं टायटल बहुतेक जातं, पण एव्हर्टन क्लब जागेवरच असतो. आता बार्सिलोनाच्या हान्स गॅम्परला पुसा, ज्याला तिथले लोक जोआन गॅम्पर म्हणतात. १८९९ च्या ऑक्टोबरमध्ये या स्विस माणसाने एका स्पोर्ट्स पेपरात छोटीशी जाहिरात दिली की फुटबॉल खेळायची इच्छा असणाऱ्यांनी भेटावं, आणि २९ नोव्हेंबरला क्लब सुरू झाला. पुढे १९०८ मध्ये मेंबर इतके कमी झाले की क्लब गुंडाळायचीच वेळ आली होती, तेव्हा गॅम्परने प्रेसिडेंटपद घेतलं आणि क्लब वाचवला. म्हणजे त्याला पुसलं तर बार्सिलोना एकदा नाही दोनदा नाहीसा होतो. डीनला मी लिस्टमध्ये घेतोच, असा माणूस सोडायचा नसतो, पण गॅम्परची जात वेगळी आहे आणि लिस्ट करताना ही जात ओळखता आली पाहिजे.

नावं नंतर, आधी वळणं

लिस्ट करायला बसलं की हात आपोआप नावं लिहायला लागतो. तो थांबवा. आधी कागदावर क्लबची वळणं लिहून काढा, म्हणजे ज्या ज्या वेळी क्लबचं पुढचं आयुष्य बदललं अशा वेळा. स्थापना, नाव बदलणं, मैदान बदलणं, पैशाचं संकट, पहिली मोठी ट्रॉफी, डिव्हिजनमधून खाली जाणं आणि परत वर येणं, युद्ध, अपघात, मालक बदलणं. साधारण सात-आठ वळणं निघतात, जुन्या क्लबांची जास्त. मग प्रत्येक वळणापुढे प्रश्न लिहा, इथे उभं कोण होतं? निर्णय कुणी घेतला, पैसे कुणी घातले, त्या दिवशी कामाला कोण आलं?

युनायटेडचं करून दाखवतो म्हणजे कळेल. १८७८ मध्ये रेल्वे कामगारांनी न्यूटन हीथ नावाची टीम काढली. १९०२ मध्ये कर्जामुळे क्लब बुडायला आला, तेव्हा जॉन हेन्री डेव्हिस या बिअरच्या कारखानदाराने आणि इतर काही जणांनी पैसे घातले आणि त्याच वर्षी क्लबचं नाव मँचेस्टर युनायटेड झालं. १९१० मध्ये ओल्ड ट्रॅफर्ड हे क्लबचं मैदान उभं राहिलं, त्यालाही डेव्हिसचाच पैसा. १९३१ च्या डिसेंबरात परत तीच गत, बँकेने हात वर केले, खेळाडूंचे पगार द्यायला पैसे नाहीत, तेव्हा जेम्स गिब्सन पुढे आला, पगार भागवले आणि नंतर क्लबच चालवायला घेतला. १९४१ मध्ये बॉम्बहल्ल्यात मैदान उद्ध्वस्त झालं. १९४५ मध्ये मॅट बझबी मॅनेजर म्हणून आला, पण त्याला क्लबकडे वळवलं कुणी, तर लुई रोका नावाच्या जुन्या माणसाने, जो क्लबमध्ये पडेल ते काम करायचा आणि खेळाडू हुडकण्यात तरबेज होता. मग १९५८, मग १९६८ चा युरोपियन कप (म्हणजे आजची चॅम्पियन्स लीग), मग १९८६ मध्ये ॲलेक्स फर्ग्युसन, जो २०१३ पर्यंत राहिला आणि १३ लीग टायटल घेऊन गेला.

बघा, एवढं लिहून झालं आणि अजून एका पण स्ट्रायकरचं नाव आलेलं नाही. बेस्ट, चार्ल्टन येतील, यायलाच पाहिजेत, पण ते येतील ते या वळणांच्या मध्ये, आपापल्या जागी. डेव्हिस आणि गिब्सन ही नावं किती फॅनना माहिती असतात? ही दोन माणसं नसती तर बेस्टला खेळायला तो क्लबच नव्हता.

जिमी मर्फी

आता त्या १९५८ वर जरा थांबू, कारण लिस्ट कशी करायची हे मला याच गोष्टीने शिकवलं.

जिमी मर्फी बझबीचा असिस्टंट होता आणि सोबत वेल्सच्या टीमचा मॅनेजर पण होता. युनायटेडची टीम बेलग्रेडला युरोपियन कपची मॅच खेळायला गेली तेव्हा इकडे कार्डिफमध्ये वेल्सची इस्रायलशी वर्ल्ड कप क्वालिफायरची मॅच होती, म्हणून मर्फी विमानात नव्हता. ६ फेब्रुवारीला म्युनिकच्या रनवेवर टीमचं विमान कोसळलं. २३ जण गेले, त्यात आठ खेळाडू, त्यातला डंकन एडवर्ड्स हॉस्पिटलमध्ये १५ दिवस झुंजला आणि गेला, वय २१. क्लबचा सेक्रेटरी वॉल्टर क्रिकमर पण गेला, ज्याने गिब्सनच्याही आधीपासून ऑफिस सांभाळलं होतं आणि मॅनेजर नव्हता तेव्हा टीमची जबाबदारी पण घेतली होती. बझबी मरणाच्या दारात. मर्फी कार्डिफहून ओल्ड ट्रॅफर्डला पोचला तेव्हा ऑफिसात बझबीच्या सेक्रेटरीने त्याला बातमी सांगितली, ती त्याच्या डोक्यात शिरेचना, तिला परत सांगावी लागली.

आणि मग हा माणूस कामाला लागला. म्युनिकला जाऊन आला, अंत्यसंस्कारांना जायचं, घरच्यांना भेटायचं, आणि त्यातच टीम उभी करायची. अपघाताला दोन आठवडे व्हायच्या आत, १९ फेब्रुवारीला शेफील्ड वेन्सडेशी एफए कपची मॅच होती. त्या दिवशीचा मॅच प्रोग्रॅम म्हणजे प्रेक्षकांना विकतात ती पुस्तिका, त्यात युनायटेडच्या खेळाडूंच्या नावांच्या जागी ११ रिकाम्या ओळी छापल्या होत्या, कारण छपाईला गेली तेव्हा कोण खेळणार हेच माहिती नव्हतं. स्टॅन क्रोदर नावाचा खेळाडू तर मॅच सुरू व्हायच्या तासभर आधी विकत घेतला. युनायटेड ३-० जिंकलं. तीच उसनी टीम मे महिन्यात कपच्या फायनलपर्यंत गेली, बोल्टनकडून हरली. त्याच वर्षी मर्फीने वेल्सला वर्ल्ड कपच्या क्वार्टर फायनललाही नेलं, तिथे पेलेच्या एका गोलने ते हरले.

आता वजाबाकी करा. मर्फी पुसला तर १९५८ च्या फेब्रुवारीत क्लब चालवणारं कुणी नाही, बझबी बरा होऊन परतला तर परतायला काय उरलं असतं सांगता येत नाही, आणि १९६८ चा कप तर फार लांबची गोष्ट. मर्फीच्या नावावर युनायटेडचा मॅनेजर म्हणून एकही ट्रॉफी नाही. ट्रॉफ्या मोजून लिस्ट करणाऱ्याला हा माणूस कधीच सापडणार नाही. ओल्ड ट्रॅफर्डबाहेर त्याचा पुतळा बसायला २०२३ साल उजाडावं लागलं.

म्हणून माझा आग्रह असा की लिस्टमध्ये किमान एक नाव असं पाहिजेच ज्याने संकटात क्लब धरून ठेवला.

पाया, आधार, कळस

वळणांवरून नावं निघाली की त्यांचे ढीग करा. पायाची माणसं, आधाराची माणसं, वळण लावणारी माणसं आणि मैदानातली माणसं. ढीग सारखे असायची गरज नाही, एखाद्या क्लबमध्ये एक ढीग रिकामाच राहील तर राहू दे, उगाच भरू नका.

सेल्टिकमध्ये हे फार स्वच्छ दिसतं. पायाला ब्रदर वॉलफ्रिड, आयर्लंडहून आलेले मारिस्ट या कॅथलिक संघाचे ब्रदर, ज्यांनी १८८७ मध्ये ग्लासगोच्या पूर्व भागातल्या गरीब मुलांना जेवण मिळावं म्हणून पैसे उभे करायला हा क्लब काढला. वळण लावणारा जॉक स्टीन, १९६७ चा युरोपियन कप, लिस्बनमध्ये इंटर मिलानला २-१ हरवलं आणि टीममधला एकूण एक खेळाडू सेल्टिक पार्कपासून तीस मैलांच्या आत जन्मलेला. आणि आधाराला फर्गस मॅकॅन, १९९४ मध्ये क्लब बँकेच्या कर्जात बुडून दिवाळखोरीच्या काठावर होता तेव्हा त्याने तो घेतला, सावरला, स्टेडियम नव्याने बांधलं आणि पाच वर्षांनी शेअर फॅन्सना विकून निघून गेला. मॅकॅनने बॉलला पाय लावला नाही, पण मी सेल्टिकची लिस्ट केली तर तो पहिल्या पाचांत आहे.

वळण लावणारी माणसं ओळखायची एक खूण सांगतो, ती गेल्यावरही क्लब त्यांच्यासारखा वागतो. लिव्हरपूलचा बिल शँकली डिसेंबर १९५९ मध्ये आला तेव्हा टीम दुसऱ्या डिव्हिजनमध्ये होती. १९६२ ला वर आली, १९६४ ला लीग जिंकली, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अँडरलेख्तविरुद्ध टीम पहिल्यांदा डोक्यापासून पायापर्यंत लाल रंगात उतरली, त्याआधी चड्डी पांढरी असायची. आज लिव्हरपूल म्हटलं की डोळ्यांपुढे जो लाल येतो तो शँकलीचा. १९७४ ला तो अचानक रिटायर झाला आणि त्याच्या जागी आला बॉब पेझली, जो १९३९ मध्ये खेळाडू म्हणून सही करून आला होता, युद्धामुळे पहिली मॅच खेळायला १९४६ उजाडलं, मग फिजिओ, मग कोच, आणि आता मॅनेजर. नऊ वर्षांत सहा लीग टायटल आणि तीन युरोपियन कप. लोक कायम वाद घालतात की शँकली मोठा का पेझली. माझं मत स्पष्ट आहे, ट्रॉफ्यांमध्ये पेझली, महत्त्वात शँकली, कारण शँकलीला पुसलं की पेझली फिजिओच राहतो.

आणि या सगळ्यांच्या आधी जॉन हॉल्डिंग. लिव्हरपूलच्या आजच्या मैदानावर, ॲनफिल्डवर, आधी एव्हर्टन खेळायचं, भाड्यावरून भांडण झालं, १८९२ मध्ये एव्हर्टन निघून गेलं, हॉल्डिंगकडे मैदान राहिलं आणि टीम नाही, म्हणून त्याने नवीन क्लबच काढला, तोच लिव्हरपूल. एका भाड्याच्या भांडणातून दोन क्लबांचा इतिहास फुटला!

पडद्यामागचे

इथे जास्त वेळ द्या, कारण हीच माणसं सुटतात. असिस्टंट, स्काउट म्हणजे नवे खेळाडू हुडकणारा, सेक्रेटरी, फिजिओ, ग्राउंड्समन. नॉटिंगहॅम फॉरेस्ट म्हणजे ब्रायन क्लॉफ असं सगळे म्हणतात, १९७९ आणि १९८० चे लागोपाठ दोन युरोपियन कप, बरोबरच आहे, पण पीटर टेलर १९७६ मध्ये त्याच्या जोडीला आला तेव्हापासून गाडी सुटली, खेळाडू पारखायची नजर टेलरची होती. त्याला वेगळी जागा द्या, क्लॉफच्या ओळीत कोंबू नका. लिव्हरपूलचा चीफ स्काउट जेफ ट्वेंटीमन, ज्याने खालच्या डिव्हिजनमधून केव्हिन कीगनसारखी आणि इयन रशसारखी पोरं हेरली. रशचे ३४६ गोल लिस्टमध्ये लिहिताना त्याला कुणी हेरलं हे पण लिहा.

याच्याच जवळची एक गोष्ट म्हणजे गुरु-शिष्य परंपरा. नेदरलँड्समधल्या आयॅक्स क्लबचं बघा, जॅक रेनॉल्ड्स नावाचा इंग्लिश कोच १९१५ पासून तीन वेगवेगळ्या टप्प्यांत तिथे राहिला, शेवटच्या टप्प्यात त्याच्या हाताखाली रिनस मिखेल्स खेळला, मिखेल्स १९६५ ला आयॅक्सचा कोच झाला, त्याच्या हाताखाली योहान क्रॉयफ घडला, क्रॉयफ १९८८ ला बार्सिलोनाचा कोच झाला आणि त्याने १९९० मध्ये पेप ग्वार्डिओलाला पहिल्या टीममध्ये आणलं. ही साखळी मागे मागे ओढत न्यायची. तुमच्या क्लबमध्ये जो कोच मोठा आहे तो कुणाच्या हाताखाली शिकला हे विचारा, कधीकधी खरा महत्त्वाचा माणूस दोन पिढ्या मागे बसलेला असतो. आणि क्रॉयफसारखा माणूस जो खेळाडू म्हणूनही आणि कोच म्हणूनही येतो, १९७३ ला बार्सिलोनाकडे खेळायला आला, १९७४ ला लीग जिंकून दिली, कोच म्हणून परत आल्यावर सलग चार लीग टायटल आणि १९९२ चा क्लबचा पहिला युरोपियन कप, त्याला एकाच जागी ठेवा पण दोन्ही आयुष्यं वेगळी लिहा, नाहीतर एक दुसऱ्याला झाकून टाकतं.

आकडे वापरताना

आकडे हवेतच, पण कसले आहेत ते बघून घ्या. २०२० च्या डिसेंबरमध्ये मेसीने बार्सिलोनासाठी ६४४ वा गोल केला आणि एका क्लबसाठी सगळ्यात जास्त गोलांचा पेलेचा ६४३ चा रेकॉर्ड मोडला असं सगळीकडे छापून आलं. पेलेच्या सँतोस क्लबने लगेच सांगितलं की आमच्या हिशोबात पेलेचे १०९१ आहेत, त्यात ४४८ फ्रेंडली मॅचमधले. त्या काळात सँतोस जगभर फिरून तगड्या टीमशी फ्रेंडली खेळायचं, क्लबचा पैसा आणि नाव त्यातून यायचं, त्यामुळे ते गोल फुकटचे म्हणून सोडून देणं मला पटत नाही, पण मेसीच्या आकड्याशेजारी ठेवून तुलना करणंही चूक. दोन्ही लिहा आणि कशात काय धरलंय ते एका ओळीत सांगा.

युद्धाचं पण ध्यानात ठेवा. इंग्लंडमध्ये १९३९ ते १९४६ लीग बंद होती. लिव्हरपूलचा बिली लिडेल १९३८ ला क्लबमध्ये आला आणि पहिली ऑफिशियल मॅच १९४६ ला खेळला, उमेदीची वर्षं अशी गेली, तरी ५३४ मॅच आणि २२८ गोल, आणि लोक क्लबला लिडेलपूल म्हणायला लागले. अशा माणसाचा आकडा आजच्या खेळाडूच्या आकड्याशी भिडवला तर त्याच्यावर अन्याय होतो.

वर्षानुवर्षं एकाच क्लबला वाहिलेले खेळाडू, लिव्हरपूलचा इयन कॅलघन ८५७ मॅच, मिलानचा पाओलो मालदिनी ९०२, यांना जागा द्यावी का? माझ्या मते हो, पण नुसत्या मॅचच्या संख्येसाठी नाही. मालदिनीच्या बाबतीत बापाने, चेझारेने, १९६३ मध्ये कॅप्टन म्हणून युरोपियन कप उचलला आणि पोराने २००३ मध्ये कॅप्टन म्हणून तोच कप उचलला, दोन्ही वेळा इंग्लंडच्याच भूमीवर. एका घराने चाळीस वर्षं क्लबला अशी बांधून ठेवली हे त्याचं महत्त्व.

गोष्टी आणि दंतकथा

जुन्या माणसांभोवती गोष्टी चिकटतात. युनायटेडच्या १९०२ च्या सुटकेमागे कॅप्टन हॅरी स्टॅफर्डचा सेंट बर्नार्ड कुत्रा होता, तो हरवला आणि डेव्हिसला सापडला, त्यातून ओळख झाली, अशी गोष्ट सांगतात आणि प्रत्येक जण जरा वेगळी सांगतो. बोका ज्युनियर्सचे निळा-पिवळा रंग बंदरात पहिल्यांदा आलेल्या स्वीडिश जहाजाच्या झेंड्यावरून घेतले म्हणतात. अशा गोष्टी फेकून देऊ नका, क्लबच्या लोकांना त्या प्रिय असतात, फक्त "असं सांगतात" हे दोन शब्द जोडा. उलट काही गोष्टी ऐकायला खोट्या वाटतात आणि खऱ्या निघतात, मेसीला घ्यायचं वचन डिसेंबर २००० मध्ये एका पेपर नॅपकिनवर लिहून दिलं होतं, तो नॅपकिन जपून ठेवलेला होता आणि २०२४ मध्ये त्याचा लिलाव झाला.

खरंखोटं करायला जुने मॅच प्रोग्रॅम, त्या शहरातल्या पेपरांचे जुने अंक, क्लबचे वार्षिक अहवाल आणि मृत्यूलेख बघा. मृत्यूलेख विशेष, माणूस गेल्यावर त्या काळच्या लोकांना तो कशासाठी आठवला हे तिथे कळतं. आणि वयस्क फॅन जिवंत आहेत तोवर त्यांच्याशी बोलून घ्या, त्यांनी सांगितलेलं नंतर पेपराशी पडताळा, पण आधी बोला.

नको असलेली माणसं

लिस्ट म्हणजे सत्कार समारंभ नाही. हेन्री नॉरिस घ्या. १९१३ मध्ये यानेच आर्सनलला लंडनच्या आग्नेय टोकावरून उचलून उत्तरेला हायबरीला नेलं, युद्धानंतर १९१९ मध्ये क्लबला पहिल्या डिव्हिजनमध्ये जागा मिळाली ती टेबलवरच्या नंबराने नाही तर मतदानाने, आणि ते मतदान आजही लोकांना खटकतं. १९२५ ला हर्बर्ट चॅपमनला आणणारा पण नॉरिसच. आणि मग पैशांच्या गैरव्यवहारावरून फुटबॉल असोसिएशनने त्याच्यावर बंदी घातली. चॅपमनने पुढे आर्सनल घडवलं, १९३२ मध्ये मैदानाजवळच्या ट्यूब म्हणजे भुयारी रेल्वेच्या स्टेशनला आर्सनलचं नाव मिळवून दिलं, त्याचा अर्धपुतळा क्लबने अभिमानाने ठेवला. पण नॉरिसला पुसलं तर आर्सनल उत्तर लंडनमध्येच नाही, टॉटनहॅमशी ते वैर नाही, चॅपमन पण नाही. मग त्याला घ्यायचं का? घ्यायचं. केलेलं सगळं लिहायचं, चांगलं आणि वाईट, एकाच परिच्छेदात, एकाने दुसरं धुऊन काढायचं नाही.

बायका कुठे आहेत ते शोधा

बहुतेक लिस्टमध्ये एकही बाई नसते आणि याला उत्तर म्हणून लोक आजची एखादी स्टार खेळाडू शेवटी जोडून टाकतात. असं नको, इथेही वळणापासून सुरुवात करा. १९७० मध्ये इम्माकुलाडा काबेसेरान नावाची १८ वर्षांची मुलगी बार्सिलोनाच्या प्रेसिडेंटला जाऊन भेटली की मुलींची टीम करू द्या, आणि एका मॅगझिनमध्ये खेळाडू हवेत म्हणून जाहिरात दिली. त्याच वर्षी २५ डिसेंबरला मुली क्लबच्या कँप नू मैदानावर मॅच खेळल्या. क्लबने ती टीम अधिकृतपणे आपली म्हणायला पुढे तीसेक वर्षं लावली. गॅम्परची जाहिरात १८९९ ची, हिची १९७० ची, काम दोघांनी तेच केलं. बार्सिलोनाच्याच अलेक्सिया पुतेयासला २०२१ आणि २०२२ ला बॅलन डी'ऑर हा वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार मिळाला तेव्हा मला ही जाहिरात आठवली.

इंग्लंडमध्ये तर डिक, कर लेडीज हा प्रेस्टनच्या कारखान्यातल्या बायकांचा क्लबच होता, २६ डिसेंबर १९२० ला गुडिसन पार्कवर त्यांच्या मॅचला ५३,००० लोक आले, आणि पुढच्याच वर्षी फुटबॉल असोसिएशनने बायकांच्या मॅचना आपली मैदानं बंद केली, ती बंदी जवळपास पन्नास वर्षं टिकली. तुमच्या क्लबच्या मैदानावर १९२१ च्या आधी बायकांच्या मॅच झाल्या होत्या का हे नक्की शोधा.

लिहायला बसल्यावर

आता कापाकापी. पंचवीस-तीस नावं जमली असतील तर ती १० किंवा १५ वर आणा, त्याहून लांब लिस्ट केली की निवड केल्यासारखं वाटत नाही. प्रत्येक नावापुढे एकच वाक्य लिहा, "हा नसता तर..." असं सुरू होणारं. वाक्य पूर्ण होत नसेल किंवा "तर टीम जरा कमी भारी असती" इतकंच होत असेल तर ते नाव बाजूला ठेवा. ते नाव खूप आवडतं असेल तर त्रास होईल, मला डेनिस लॉला खाली आणताना झाला.

सध्या खेळणाऱ्यांना घाई करू नका. कालच्या फायनलचा हिरो आज फार मोठा दिसतो. क्लब सोडून काही वर्षं झाली की वजाबाकी नीट करता येते.

कधीकधी एका माणसाला जागा देणंच चूक ठरतं. ४ मे १९४९ ला सुपेर्गाच्या डोंगरावर विमान कोसळून तोरिनोची अख्खी टीम गेली, एकूण ३१ माणसं, सीझनच्या उरलेल्या मॅच तोरिनोने यूथ टीम घेऊन खेळल्या आणि समोरच्या क्लबांनीही आपल्या यूथ टीमच उतरवल्या. तिथे एकटा कॅप्टन व्हॅलेन्टिनो मात्सोला काढून लिहिणं मला जमत नाही, ती पूर्ण टीम एक जागा. तसंच विम्बल्डनचा क्लब दुसऱ्या शहरात हलवायला परवानगी मिळाली तेव्हा २००२ मध्ये फॅन्सनी स्वतःचा एएफसी विम्बल्डन काढला, मैदानात कुणीही या आणि खेळून दाखवा अशा ट्रायल घेऊन टीम जमवली आणि २०११ मध्ये फुटबॉल लीगमध्ये पोचले. तिथे एक नंबर फॅन्सचा, नाव कुणाचंच नाही.

आणि शेवटची एक जागा अशा माणसासाठी ठेवा ज्याला क्लबच विसरला. एसी मिलान उभा करणारा हर्बर्ट किल्पिन १९१६ मध्ये गेला, त्याची कबर कुठे आहे हे कित्येक दशकं कुणाला ठाऊक नव्हतं, एका मिलान फॅनने जुन्या नोंदी चाळून ती शोधून काढली आणि १९९९ मध्ये क्लबच्या शंभरीला त्याचे अवशेष शहराच्या मोठ्या स्मशानभूमीत सन्मानाने हलवले.

बायर्न म्युनिकचा कुर्ट लँडाऊअर तर याहून मोठी गोष्ट. ज्यू होता, त्याच्या प्रेसिडेंटपदात १९३२ मध्ये क्लबने पहिलं जर्मन टायटल जिंकलं, पुढच्याच वर्षी नाझी आले आणि मार्चमध्ये त्याला पद सोडावं लागलं. १९३८ ला डाखाऊच्या छळछावणीत ३३ दिवस. सुटल्यावर स्वित्झर्लंडला निघून गेला, त्याची चार भावंडं नाझींनी मारली. आणि हा माणूस १९४७ मध्ये त्याच शहरात परत आला आणि परत क्लबचा प्रेसिडेंट झाला. १९६१ ला वारला आणि मग बायर्नच्या इतिहासात कितीतरी वर्षं त्याचं नाव जेमतेम यायचं. ते परत आणलं स्टँडमधल्या पोरांनी, शिकेरिया नावाच्या अल्ट्रा म्हणजे कट्टर फॅन्सच्या ग्रुपने त्याच्या नावाने टूर्नामेंट भरवली, स्टेडियमभर त्याचा चेहरा उभा केला, वर्षानुवर्षं लावून धरलं. २०१३ मध्ये क्लबने लँडाऊअरला मरणोत्तर मानद प्रेसिडेंट केलं आणि २०१९ मध्ये ट्रेनिंग ग्राउंडवर त्याचा पुतळा बसवला, मैदानाकडे बघत बसलेला.